वीस तेत्री

ग्लदानीतल्या त्या इमारतीची लिफ्ट
नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही.
वीस तेत्री. एवढ्यात तिबिलिसीत काडेपेटी येते,
तीही दुकानदार ओळखीचा असला तर.

लामारा आठव्या मजल्यावर राहते, नुग्झार नवव्यावर.
संध्याकाळी सातच्या सुमारास दोघं खाली भेटतात
आणि दार लागलं की तो खिसे चाचपू लागतो:
कोटाचा डावा, उजवा, आतला,
मग विजारीचे दोन, मग पुन्हा पहिला,
जणू एवढ्यात तिथे काही उगवलं असेल.
तोवर तिचं नाणं फटीत पडलेलं असतं. खण्ण.
"अरेरे, काल्बातोनो लामारा. उद्या माझी पाळी."
"असू दे हो, बातोनो नुग्झार."

नोव्हेंबरपासून असे एक्केचाळीस उद्या झाले.
तिने मोजले नाहीत.
औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचं
मोजणं आपोआप होतं, श्वासासारखं.
आठ लारी वीस तेत्री.
एवढ्यासाठी शेजाऱ्याला बोलायचं?
आणि एवढंही बोलता येत नाही म्हणून
रात्री उशी उलटीपालटी करायची?
"सरळ सांगून टाक," बहीण फोनवर म्हणाली.
बहीण कुताइसीत राहते, बैठ्या घरात.
तिला काय जातंय.

एकदा लामारा टपालपेटीपाशी रेंगाळली.
विजेचं बिल पुढून वाचलं, मागून वाचलं,
तो वर जाईल म्हणून.
तोही आपल्या पेटीपाशी थांबला.
त्याच्या पेटीत काहीच नव्हतं.
ते तो वाचत राहिला,
फार मन लावून.

म्हणून काल तिने जिना धरला.
"डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं, लिफ्टच्या दारालाच म्हणाली.
कुरकुरणारे गुडघे, तीन किलो बटाटे,
कुणाच्या तरी दारातून लसणाचा वास.
चौथ्या मजल्यावर खालून पावलं ऐकू आली.
सावकाश, सवयीची,
प्रत्येक वळणावर दोनच श्वास थांबणारी,
कठड्याचा सैल गज न बघता टाळणारी.
ही पावलं आजची नव्हती.

मग गल्ल्यावरच्या बाईचं गणित पुन्हा सुरू झालं, आपोआप.
पाव आणायला सकाळी. औषधाला दुपारी.
रविवार. सणवार.
हा माणूस रोज नऊ मजले चढतो.
ती भेटली तरच लिफ्टमध्ये शिरतो,
कारण "मी जिन्याने जातो" म्हटलं
की का, ते सांगावं लागेल.
एक्केचाळीस वेळा त्याने
तिच्या भिडेखातर खिसे चाचपले.

ती थांबली.
खालची पावलंही थांबली.
त्या जिन्यातले दिवे हालचाल दिसली तरच जळतात.
आधी तिचा विझला, मग त्याचा.
अंधारात दोन माणसं, मध्ये दीड मजला,
आणि दोघंही आपण तिथे नाहीच असं उभी.
खोकावं? हाक मारावी?
हाक मारून पुढे काय म्हणावं?
नाणं मुठीत घामाने ओलं झालेलं.

पिशवीचा बंद तुटला.
एक बटाटा निसटला, पायरी, पायरी, पायरी,
आणि खाली कुठेतरी दिवा लागला.

नुग्झार वर आला. हातात बटाटा.
"तुमचा असावा."
"हो."
त्याने बटाट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
"लिफ्ट बंद आहे का आज?"
नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून लिफ्ट
कुणाला तरी घेऊन घरघरत वर गेली,
चांगली आठ-दहा सेकंद.
दोघांनी ती जाऊ दिली.
"हो," लामारा म्हणाली. "बंद आहे."
"वाटलंच मला."

पिशवी दोघांनी खालून धरली
आणि तिरके तिरके चढू लागले,
कुणाच्या ढोपराला कुणाचं ढोपर लागतंय असे.
उद्या ती चालू असली तर काय करायचं,
हे आठव्यापर्यंत
कुणालाच सुचलं नाही.